राज्यें गेलीं, मंडळी राहिली
(अभ्यासपाठ : उत्तर कोंकणांतील लढाया व ख्रिस्ती धर्माचा प्रसार)

शास्त्रपाठ : मार्क ४ : २६–२९, १ करिंथ. ३ : ५–११.



खेड्यापाड्यांतील आमच्या बंधुभगिनींस एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. बाजारांत, चावडीवर, लग्नाच्या मांडवांत कोणी ना कोणी म्हणतो, "तुमचा धर्म राज्यकर्त्यांबरोबर आला. राज्यकर्ते गेले, मग तुम्ही मागें कां राहिलां?" कित्येक वेळां हें थट्टेनें विचारलें जातें, कित्येक वेळां रागानें. उपदेशक रागावून उत्तर देईल तर विचारणाऱ्याचें समाधान होत नाहीं, आणि गप्प बसेल तर जवळ उभ्या असलेल्या आपल्याच मुलांच्या मनांत तो प्रश्न घर करितो. म्हणून या पाठांत इतिहास काय सांगतो तें आपण शांतपणें पाहूं. या प्रश्नांत सत्याचा अंश आहे. तो झांकून ठेवणें प्रभूच्या लोकांस शोभत नाहीं. पण तो सर्व सत्य नव्हे, हेंही याच इतिहासावरून दिसून येईल.

अशा अभ्यासास आमचें भिवंडी हें सोयीचें ठिकाण आहे. खाडीच्या या बाजूस भिवंडी, पलीकडे कल्याण, खालच्या अंगास ठाणें, आणि मावळतीस वसई. या एवढ्याशा मुलखावर जितकीं निशाणें फडकलीं तितकीं थोड्याच ठिकाणीं फडकलीं असतील. एकट्या कल्याण-भिवंडीचेंच पहा. इ. स. १६३६ च्या तहानें हा प्रांत निजामशाहींतून आदिलशाहीकडे गेला. १६५७ सालीं शिवाजी महाराजांनीं तो घेतला व येथील खाडींत आपल्या आरमाराचा आरंभ केला. १६६१ सालीं मोंगलांनीं तो जिंकला. पुढें तो पुन्हां मराठ्यांकडे आला, आणि १७८० सालीं कल्याण इंग्रजांच्या हातीं पडलें. दीडशें वर्षांच्या आंत शेतकऱ्यानें सारा कोणास द्यावा याचें उत्तर इतक्या वेळां बदललें. अशा भूमींत ख्रिस्ती मंडळी कशी रुजली, कोठें सुकली व कोठें टिकली, हा आपल्या पाठाचा विषय आहे.

१. पहिले ख्रिस्ती लोक

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, या किनाऱ्यावर ख्रिस्ताचें नांव युरोपियन राज्यापूर्वीं पुष्कळ शतकें पोंचलें होतें. सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास कॉस्मस नांवाच्या एका व्यापाऱ्यानें, जो पुढें मठवासी झाला, पूर्वेकडील देशांचें वर्णन लिहिलें. त्यांत 'कल्लियाना' या बंदराच्या गांवीं एक बिशप असून त्याची नेमणूक इराणांतून होते, असें तो सांगतो. हें कल्लियाना म्हणजे आपलें कल्याण, असें पुष्कळ विद्वानांचें मत आहे. कांहींस तें मान्य नाहीं. तें खरें असेल तर, कँटरबरीचा ऑगस्टिन इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला त्याच्या सुमारें पन्नास वर्षें आधीं भिवंडीसमोरच्या बंदरांत ख्रिस्ती मंडळी व तिचा अध्यक्ष होता! 'साहेबाचा धर्म' म्हणणाऱ्यांनीं व तसें मानून मनांत खट्टू होणाऱ्यांनीं, दोघांनींही, हें ध्यानांत धरावें. आज ज्यास आपण साहेबाचा देश म्हणतों त्या देशांतही हा धर्म बाहेरून आला, व आला तेव्हां तो देश आपल्या कोंकणासारखाच आपसांत लढणाऱ्या राजांनीं भरला होता.

दुसरी गोष्ट ठाण्याची. इ. स. १३२१ सालीं फ्रान्सिस्कन पंथाचे चार साधु चीनकडे जातांना ठाण्यास उतरले. त्यांचीं नांवें टोलेंटिनोचा थॉमस, पाडुआचा याकोब, सिएनाचा पेत्र व तिफ्लिसचा देमेत्रिय. त्यांस घरांत ठेवून घेणारीं कुटुंबें येथलींच होतीं व तीं पूर्वेकडील जुन्या ख्रिस्ती मंडळीचीं होतीं. त्या वर्षीं एप्रिल महिन्यांत काजीसमोर धर्मासंबंधीं वाद होऊन हे चौघे ठार मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डन त्या वेळीं गुजराथेकडे गेला होता. त्यानें परत येऊन त्यांचे देह सोपाऱ्यास पुरले. या साधूंच्या पाठीशीं कोणाचें सैन्य नव्हतें, कोणाचें जहाज नव्हतें. त्यांस आसरा देणाऱ्या कुटुंबांवर तर कोणाही ख्रिस्ती राजाची सावली पडली नव्हती.

२. इंग्लंडांतील सात-आठ राज्यें

आतां थोडा वेळ आपण कोंकण सोडून दूर इंग्लंडांत जाऊं. कारण पुढें वसईस जें घडलें तें समजण्यास तेथील गोष्ट उपयोगी पडेल. सातव्या शतकांत आपल्याकडे चालुक्यांचा दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. त्यानें कोंकणच्या मौर्यांची पुरी नांवाची राजधानी जहाजांनीं वेढून घेतली, असें ऐहोळे येथील शिलालेखांत कोरलेलें आहे. त्याच काळीं इंग्लंडांत अँग्लो-सॅक्सन लोकांचीं सात-आठ लहान राज्यें होतीं. केंट, नॉर्थंब्रिया, मर्शिया, वेसेक्स हीं त्यांतलीं मोठीं. एकानें दुसऱ्यास मारावें, मेलेल्याच्या मुलानें परक्याच्या दरबारीं आसरा घ्यावा, व फौज जमवून परत यावें, असा त्यांचा क्रम होता.

इ. स. ५९७ सालीं रोमच्या ग्रेगरीनें पाठविलेला ऑगस्टिन सुमारें चाळीस सोबत्यांसह केंटमध्यें उतरला. तेथला राजा एथेलबर्ट याची राणी बर्था आधींच ख्रिस्ती होती. राजानें विश्वास धरिला, व प्रजाही त्याच्यामागून आली. पण ६१६ सालीं राजा मरतांच गाडें फिरलें. पुत्र एडबाल्ड ख्रिस्ती नव्हता. लंडन व रॉचेस्टर येथील दोन्ही बिशप समुद्रापलीकडे निघून गेले. पुढें एडबाल्डनें विश्वास धरिला तेव्हां केंटची मंडळी वांचली. यावरून तेथील धर्म राजाच्या मनाला किती बांधलेला होता तें दिसतें.

नॉर्थंब्रियाची गोष्ट याहून मोठी आहे. तेथला राजा एड्विन यानें केंटच्या राजकन्येशीं विवाह केला, व तिच्याबरोबर पॉलिनस नांवाचा उपदेशक उत्तरेस गेला. एड्विन विचारी होता. त्यानें आपल्या सरदारांस सभेंत बोलावून त्यांचें मत विचारिलें. त्यांतला एक जण म्हणाला कीं, हिंवाळ्याच्या रात्रीं आपण शेकोटीपाशीं बसलों असतां एखादी चिमणी एका दारानें आंत येते व क्षणांत दुसऱ्या दारानें बाहेर अंधारांत जाते, तसें मनुष्याचें जीवित आहे. पूर्वीं काय होतें व पुढें काय आहे याविषयीं हा नवा उपदेश कांहीं सांगत असेल तर तो ऐकावा. इ. स. ६२७ सालीं ईस्टरच्या दिवशीं एड्विनचा यॉर्क येथें बाप्तिस्मा झाला, व त्याच्या मागोमाग हजारों लोक नदीवर आले.

पण सहा वर्षांनीं, ६३३ सालीं, मर्शियाचा पेंडा व वेल्सकडील कॅडवालन या दोघांनीं मिळून एड्विनला लढाईंत ठार केलें. पेंडा मूर्तिपूजक होता; परंतु कॅडवालन स्वतः ख्रिस्ती म्हणवीत होता, आणि त्यानेंच नॉर्थंब्रियांतील स्त्रिया व मुलें यांवर अधिक क्रौर्य केलें, असें बीड हा इतिहासकार लिहितो. राणी व पॉलिनस जहाजांत बसून केंटला गेले. त्यांच्यामागून गादीवर आलेल्या दोघांनींही विश्वास टाकिला. नदीवर जमलेले ते हजारों लोक कोठें गेले? राजाच्या पाठोपाठ आलेले पुष्कळसे राजाबरोबरच गेले, असेंच म्हणावें लागतें.

तथापि एक मनुष्य गेला नाहीं, व आमच्या उपदेशक बंधूंनीं त्याचें नांव पाठ करून ठेवावें अशी आमची विनंति आहे. तो पॉलिनसचा साहाय्यक, याकोब नांवाचा डीकन होय. त्यास मोठी पदवी नव्हती. राजा मेला, वरिष्ठ गेला, देश जाळपोळीनें उद्ध्वस्त झाला, तरी तो एका खेड्याच्या आसपास राहिला, शिकवीत राहिला व बाप्तिस्मे देत राहिला. पुढें शांतता झाल्यावर त्यानें लोकांस उपासनेचें गायन शिकविलें. तो फार म्हातारा होऊन तेथेंच मेला. बीडनें आपल्या इतिहासांत राजांच्या नांवांबरोबर त्याचेंही नांव लिहून ठेविलें आहे.

पुढें ६३४ सालीं ओस्वाल्डनें तें राज्य परत मिळविलें. आयर्लंडकडील साधूंचा आयोना नांवाच्या बेटावर मठ होता, तेथून त्यानें एक शिक्षक मागविला. पहिला आलेला मनुष्य फार कडक होता. लोक अडाणी व हट्टी आहेत अशी तक्रार करून तो परत गेला. तेव्हां एडन नांवाचा साधु त्यास म्हणाला कीं, बाळांस आधीं दूध द्यावें, तें तुम्हीं दिलें नाहीं. मग एडनलाच पाठविण्यांत आलें. एडनला इंग्रजांची भाषा नीट येत नव्हती. म्हणून तो उपदेश करी तेव्हां राजा ओस्वाल्ड स्वतः उभा राहून सरदारांस त्याचा अर्थ सांगे. एडन वाडीवस्तीवर पायीं जाई, वाटेंत भेटेल त्याच्याशीं बोले. दुसऱ्या एका राजानें त्यास एक उत्तम घोडा दिला, तो त्यानें पहिल्या भेटलेल्या भिकाऱ्यास देऊन टाकिला. श्रीमंतांनीं दिलेल्या पैशानें तो गुलाम झालेल्यांस सोडवी, व त्यांतल्या कित्येकांस शिकवून उपदेशक करी. ६४२ सालीं, म्हणजे इकडे पुलकेशी पल्लवांशीं लढतां लढतां पडला त्याच वर्षीं, ओस्वाल्डही पेंडाच्या हातून मारला गेला. पण या खेपेस मंडळी मोडली नाहीं. राजा पडला तरी एडनचें काम लोकांच्या झोंपड्यांपर्यंत गेलें होतें.

पेंडाविषयींही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. तो शेवटपर्यंत मूर्तिपूजक होता, तरी त्यानें आपल्या राज्यांत उपदेश करण्यास मना केली नाहीं. त्याचा तिरस्कार होता तो ख्रिस्ताचें नांव घेऊन ख्रिस्ताप्रमाणें न वागणाऱ्यांचा. आमच्या गांवांतले पुष्कळ शेजारी आज याच पेंडासारखे आहेत. ते आमचा उपदेश कमी ऐकतात व आमचें वागणें अधिक पाहतात.

३. वसईचा तह

आतां परत आपल्या किनाऱ्याकडे येऊं. इ. स. १५३४ सालीं गुजराथचा सुलतान बहादूरशाह संकटांत होता. मोंगल बादशहा हुमायून त्याच्यावर चालून येत होता. पोर्तुगीजांची मदत व्हावी म्हणून त्यानें त्या वर्षाच्या २३ डिसेंबरास त्यांच्याशीं तह केला व वसई, तिचे आसपासचे मुलूख व बेटें त्यांस देऊन टाकिलीं. म्हणजे या किनाऱ्यावर ख्रिस्ती राज्य आलें तें दोन मुसलमान राजांच्या भांडणांतून आलें. वाटाघाट जमिनीची, जकातीची व जहाजांची होती.

पुढील दोनशें वर्षांत वसई, साष्टी व आसपासच्या गांवांतून पुष्कळ देवालयें व मठ उभे राहिले. फ्रान्सिस झेवियर वसईस येऊन गेला. सामवेदी, वाडवळ, कोळी व इतर जातींतले कित्येक लोक ख्रिस्ती झाले. वसईंतच जन्मलेला गोन्सालो गार्सिया जपानांत गेला व ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें आपल्या सोबत्यांसह क्रुसावर मारला गेला. ऑगस्टिन केंटमध्यें उतरला त्यास तेव्हां बरोबर हजार वर्षें झालीं होतीं. हजार वर्षांपूर्वीं जेथें इंग्रज अंधारांत होते, तेथें आतां कोंकणचा एक मनुष्य दुसऱ्या देशांत जाऊन साक्ष देत होता.

पण चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पोर्तुगीज सरकारनें धर्माच्या कामीं आपली सत्ता वापरली. गोव्यांत १५४० सालापासून देवळें पाडण्यांत आलीं. आमच्या बाजूस मंडपेश्वरचीं जुनीं लेणीं घेऊन तेथें देवालय करण्यांत आलें. पितृहीन झालेलीं हिंदु मुलें पाद्र्यांच्या स्वाधीन करण्याचा कायदा १५५९ सालीं झाला. ख्रिस्ती होणाऱ्यांस नोकरींत व करांत सवलती मिळत. १५६० सालीं गोव्यांत धर्मन्यायालय बसलें, व त्यानें ख्रिस्ती लोकांसही पुष्कळ छळलें. आम्ही प्रॉटेस्टंट आहों म्हणून हें दुसऱ्याचें पाप आहे असें म्हणून हात झटकणें बरोबर नाहीं. जेथें जेथें मंडळीच्या हातांत तरवार आली तेथें तेथें तिला हा मोह पडला, मग तिचें नांव कांहींही असो. शेजाऱ्यांच्या मनांत जी कटुता आहे तिचें मूळ अशा गोष्टींत आहे, हें आपण नम्रतेनें मान्य करावें.

४. इ. स. १७३९

१७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें व साष्टी घेतली. १७३९ सालच्या आरंभीं चिमाजी आप्पांनीं वसईच्या किल्ल्यास वेढा घातला. लढाई फार घनघोर झाली व दोन्ही बाजूंचे पुष्कळ लोक पडले. शेवटीं मे महिन्यांत किल्ला खालीं झाला. चिमाजी आप्पांनीं शरण आलेल्या शत्रूस मानानें, हत्यारें व वाद्यें घेऊन बाहेर जाऊं दिलें. हें त्यांच्या शौर्याइतकेंच स्मरणांत ठेवण्याजोगें आहे. या मोहिमेंत केलेला नवस फेडण्यासाठीं बांधलेलें वज्रेश्वरीचें देऊळ आमच्याच भिवंडी तालुक्यांत आहे. पोर्तुगीज देवालयांतील घंटा विजयी लोक घेऊन गेले. त्यांतली एक नाशिकास नारोशंकराच्या देवळांत टांगलेली आहे. येथील नित्याच्या वाटेवरील लोकांस हीं दोन्ही स्थानें ठाऊक असतील.

आतां पाठाचा मुख्य प्रश्न येतो. राज्य गेलें, किल्ला गेला, युरोपियन पाद्री बहुतेक निघून गेले, घंटाही गेल्या. नॉर्थंब्रियांत एड्विन पडल्यावर जी वेळ आली तीच वेळ वसईवर आली. 'राज्यकर्त्यांबरोबर आलेला धर्म राज्यकर्त्यांबरोबर जातो' हा नियम सर्वथा खरा असता, तर वसईंत त्यानंतर ख्रिस्ती मनुष्य राहिला नसता. परंतु त्या वेढ्यास अडीचशेंहून अधिक वर्षें लोटलीं, तरी त्या गांवांतून मंडळ्या आहेत. पेशव्यांच्या अमलांत त्यांस ख्रिस्ती राहून पोर्तुगीजांकडून कांहींच मिळण्याजोगें नव्हतें, तरी त्या राहिल्या. १९९८ सालीं तर रोमन कॅथलिक मंडळीनें वसईस स्वतंत्र धर्मप्रांतच स्थापिला. तेथील लोक सामवेदी व वाडवळी बोली बोलतात आणि मराठींत प्रार्थना करितात. त्यांच्या व आमच्या मतांत भेद आहेत. पण या गोष्टीबद्दल देवाचे आभार मानण्यास भेद आड येऊं नये.

असें कां झालें? आमच्या मतें याचें कारण मोठ्या देवालयांत शोधूं नये, घराघरांत शोधावें. दोनशें वर्षांत तो विश्वास आईच्या तोंडून मुलांस मिळूं लागला होता, शेताच्या व मासेमारीच्या कामांत मिसळला होता, आणि लग्नांत व मर्तिकांत त्याचींच गीतें गाइलीं जात होतीं. पोर्तुगीज गेल्यावर जे पाद्री सेवेस राहिले ते मुख्यत्वें याच देशांत जन्मलेले होते. जें राजाज्ञेनें आलें होतें तें प्रजेचें स्वतःचें झालें होतें. वसईंतही याकोब डीकनासारखे लोक होते; त्यांचीं नांवें कोणत्याही बखरींत लिहिलेलीं नाहींत, एवढाच भेद.

५. आपल्या भाषेंतील वचन

येथें भाषेविषयीं दोन शब्द लिहितों. थॉमस स्टीफन्स हा एक इंग्रज १५७९ सालीं गोव्यास आला. ज्या देशांत एडनचा उपदेश समजण्यास दुभाष्या लागला होता त्या देशाचा हा मनुष्य. त्यानें येथील लोकांस दुभाष्यावांचून समजावें म्हणून मराठी शिकली, व सुमारें अकरा हजार ओव्यांचें 'ख्रिस्तपुराण' रचिलें. तें १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. याच्या उलट १६८४ सालीं गोव्याच्या व्हाइसरॉयनें हुकूम काढला कीं, लोकांनीं तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज भाषा बोलावी. त्या हुकुमाचें काय झालें? पोर्तुगीज राज्य १९६१ सालीं संपलें, आणि कोंकणी भाषा १९८७ सालीं गोव्याची राजभाषा झाली. स्टीफन्सचें पुराण मात्र हस्तलिखितांतून जिवंत राहिलें, व १९०७ सालीं मंगळुरास पुन्हां छापलें गेलें. सत्तेनें काढलेला हुकूम मेला व प्रीतीनें लिहिलेल्या ओव्या जगल्या. पुढें आमच्यांत बाबा पदमनजी, नारायण वामन टिळक व पंडिता रमाबाई यांनीं जें लिहिलें व भाषांतरिलें तें याच वाटेनें.

६. कंपनी सरकार व मिशनरी

कोणी म्हणेल, "पोर्तुगीजांचें असो, तुम्हां मिशनवाल्यांस तर इंग्रजांनीं आणिलें." याचें उत्तर गॉर्डन हॉल यांच्या चरित्रांत आहे. ते व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन गृहस्थ १८१३ सालच्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले. कंपनी सरकारनें त्यांस राहूं द्यावें तें सोडून देशाबाहेर जाण्याचा हुकूम केला. व्यापार व राज्य यांस धर्मोपदेशानें धक्का बसेल अशी सरकारला भीति होती. शिवाय त्या वेळीं इंग्लंड व अमेरिका यांच्यांत युद्ध चाललें होतें. पुष्कळ अर्ज-विनंत्या झाल्यावर त्यांस राहण्याची परवानगी मिळाली. त्याच वर्षीं पार्लमेंटानें कंपनीची सनद बदलून मिशनरींस वाट मोकळी केली, हेंही खरें, व पुढें इंग्रजी अमलाच्या शांततेचा, रस्त्यांचा व शाळांचा त्यांच्या कामास लाभ झाला, हेंही आम्ही नाकारीत नाहीं. परंतु जो मनुष्य प्रथम आला त्याचें स्वागत सरकारनें हद्दपारीच्या हुकुमानें केलें.

हॉल तेरा वर्षें मराठींत उपदेश करीत हिंडले. १८२६ सालीं ते नाशिकाकडे गेले असतां तेथें पटकीची सांथ चालू होती. जवळ होतें तें औषध त्यांनीं आजाऱ्यांस वांटून टाकिलें, व परत येतांना त्याच रोगानें २० मार्च रोजीं एका खेड्यांत देवळाच्या ओसरीवर प्राण सोडिला. त्याच वर्षीं त्यांच्या मिशनचा मराठी नवा करार मुंबईस छापून निघाला. १८३१ सालीं अहमदनगरास काम सुरू झालें. तेथून गांवकुसाबाहेरच्या वस्त्यांत जे गेले त्यांत मोठा भाग एतद्देशीय शिक्षकांचा होता, ज्यांनीं एका खोलीच्या शाळेंत दिवसा मुलांस धुळाक्षरें व रात्रीं मोठ्यांस गीतें शिकविलीं. दुष्काळांत पोटासाठीं कांहीं आले असतील; आले नाहींत असें आम्ही म्हणत नाहीं. पण दुष्काळ सरला, मिशनचा पैसा आटला, १९४७ सालीं इंग्रजही गेले. त्यानंतर जे राहिले ते कशासाठीं राहिले, हें ज्यानें त्यानें आपल्या आजोबा-आजीच्या आयुष्यावरून पहावें.

७. बोध

(अ) राजाश्रय हा पावसाळ्यांतल्या ओढ्यासारखा आहे; आला तर शेत भिजवितो, पण त्याच्या भरंवशावर विहीर खणण्याचें सोडूं नये. २६ जानेवारी १९५० पासून आपल्या देशाच्या राज्यघटनेनें प्रत्येकास आपला धर्म मानण्याचें, आचरण्याचें व त्याचा प्रसार करण्याचें स्वातंत्र्य दिलें आहे. एड्विनच्या किंवा बहादूरशाहाच्या प्रजेस असें संरक्षण नव्हतें. याबद्दल आभारी असावें. पण कोणा पुढाऱ्याच्या छायेंत मंडळी वाढेल असें मानून त्याच्या दारीं बसणें ही एडबाल्डच्या मर्जीवर जगणाऱ्या केंटचीच चूक होय.

(आ) धाक व लालूच यांनीं आणिलेलें पीक प्रभूचें नव्हे. मागें ज्या ठिकाणीं असें घडलें तेथें शेजाऱ्यांपुढें तें स्पष्ट कबूल करावें. कबूल केल्यानें सत्य लहान होत नाहीं.

(इ) उपदेशकानें आपलें मोल पदवीवरून करूं नये. पॉलिनस मोठा होता व भला होता. राणीस सुरक्षित नेणें हें त्याचें कर्तव्यच होतें. तरी नॉर्थंब्रियाच्या खेड्यांत दिवा तेवत ठेविला तो याकोबानें. ज्या गांवीं आज पाळक महिन्यांतून एकदां येतो, मिशनचें घर पडकें झालें आहे, व उपासनेस चारच कुटुंबें जमतात, तेथील उपदेशकानें हें वाचून धीर धरावा. त्याच्या चार कुटुंबांतील मुलें आज कोणतें गीत शिकतात यावर त्या गांवचीं पुढलीं पन्नास वर्षें अवलंबून आहेत.

(ई) शेवटीं, चावडीवरच्या त्या प्रश्नास उत्तर कसें द्यावें? आमच्या मतें असें द्यावें : "दादा, तुमचें म्हणणें थोडें खरें आहे. कांहीं ठिकाणीं आमचा धर्म राज्यकर्त्यांच्या जहाजांतून आला, व त्यांनीं अन्यायही केला. कांहीं ठिकाणीं तो त्यांच्याआधीं आला, व कांहीं ठिकाणीं त्यांच्या मनाविरुद्ध आला. पण ते गेल्यावर आम्हांस कोणी धरून ठेविलें नाहीं. आम्ही राहिलों तें आमच्या मनानें राहिलों." एवढें बोलून, दुसऱ्या दिवशीं त्याच माणसाच्या शेतावर गरज असेल तर मदतीस जावें. पेंडासारख्या मनुष्याचें समाधान होईल तर त्यानेंच होईल.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. एड्विन पडल्यावर व वसई पडल्यावर काय काय सारखें घडलें, व काय निराळें घडलें?
२. एडनच्या आधीं आलेला शिक्षक कां परत गेला? आपल्या शिकविण्यांत असा कडकपणा कोठें आहे?
३. पोर्तुगीज अमलांतील कोणत्या गोष्टींबद्दल देवाचे आभार मानावे, व कोणत्या गोष्टींबद्दल खेद मानावा?
४. आपल्या मंडळींत प्रथम विश्वास कोणीं धरिला? त्यांस कोणीं शिकविलें? वडील मंडळींस विचारून नांवें व वर्षें वहींत लिहून ठेवावीं, म्हणजे आपल्या याकोबांचीं नांवें विसरलीं जाणार नाहींत.